२४ मिमी एफ/१.४ : हातात २४-७० असताना लाखाची लेन्स कशासाठी?

कातळकडा

नमस्कार मंडळी. या विभागात मी तीन-चार वर्षं नुसताच वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सोनी आहे आणि त्यावर कायम चिकटलेली २४-७० एफ/२.८ (२४ ते ७० मिमीची झूम; एफपुढचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं उघडतं). आता सोनीच्या २४ मिमी एफ/१.४ जीएमवर (जीएम ही सोनीची वरची श्रेणी) जीव जडलाय. ही २०१८च्या सप्टेंबरात आली. वजन ४४५ ग्रॅम, फिल्टर ६७ मिमीचा, ॲपर्चरला ११ पाती, २४ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस. अमेरिकेत १,४०० डॉलरला आली होती, आपल्याकडे लाखाच्या पुढे जाते.

घरी विषय काढला. बायकोने माझी जुनी लेन्स हातात घेतली, फिरवून पाहिली आणि विचारलं, "हिच्यावरही २४च लिहिलंय ना?"

दोन आठवडे झाले, मला उत्तर सापडत नाहीये.

मी काढतो ते तीनच प्रकार: लेणी (कार्ले, भाजे, वर्षातून एकदा वेरूळ), भंडारदऱ्याच्या बाजूला रात्रीचं आकाश, आणि गेली दोन वर्षं काजवे. काजव्यांचे फोटो अजून मनासारखे आलेले नाहीत. परीक्षणं भरपूर वाचली. सगळीकडे चाचणीपट्टीचे फोटो, नाहीतर कुणाच्या तरी मांजराच्या मिशा. त्यावरून मी काय ठरवू?

रंकाळ्याचा_बगळा

वहिनींचं बरोबर आहे. धागा संपला.

अक्षतावाला

बगळ्या, थांब जरा.

मी लग्नं करतो, म्हणजे लग्नाचे फोटो करतो. २४ एफ/१.४ तीन हंगाम वापरली. हळदीच्या वेळी घरातल्या चिंचोळ्या खोलीत, ट्यूबलाइटच्या उजेडात, फ्लॅश न मारता नवरी आणि मागे तिची आजी असं दोघींना घ्यायचं असेल तर हिच्यासारखी लेन्स नाही. मागचं हलकं विरघळतं, पण खोली ओळखू येते.

एक मात्र सांगतो. हिच्यावर ग्रुप फोटो काढून नातेवाइकांशी वैर घेऊ नका. कडेला उभे असलेले मामा सव्वापट रुंद दिसतात. हे अतिशयोक्तीने म्हणत नाहीये, गणितच आहे: २४ मिमीच्या आडव्या फ्रेमची कड मध्यापासून ३७ अंशांवर येते आणि तिथे गोल वस्तू बाहेरच्या दिशेने १.२५ पट ताणली जाते. यात लेन्सचा दोष नाही. सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर ही किंमत द्यावीच लागते. दहा हजारांची घ्या नाहीतर दोन लाखांची, मामा तेवढेच रुंद.

सरळमार्गी

मी उलट बाजू मांडतो, राग नसावा.

एफ/२.८ वरून एफ/१.४ म्हणजे दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजेड. बरोबर? मग त्याच २४-७० वर एका फोटोऐवजी चार काढा आणि संगणकावर एकावर एक रचा. चार फ्रेमचा एकूण उजेड एफ/१.४च्या एका फ्रेमइतका. सोळा काढल्या तर ती लाखाची लेन्स मागे पडली. तारे जुळवून रचणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. मी गेली तीन वर्षं आकाशगंगा अशीच काढतोय, सोबत एक साधा ट्रायपॉड आणि थर्मासभर चहा.

लेण्यांचं म्हणाल तर लेणी दोन हजार वर्षं हललेली नाहीत. पुढच्या अर्ध्या सेकंदातही हलणार नाहीत.

चैत्यगवाक्ष

सरळमार्गी, लेणी हलत नाहीत, पण हात हलतो ना! आणि पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या ठिकाणी परवानगीशिवाय ट्रायपॉड लावू देत नाहीत. अजिंठ्यात तर फ्लॅशही नाही. म्हणजे उरला हात, फार तर खांबाला टेकवलेली पाठ.

कार्ल्याचा चैत्य डोळ्यांसमोर आणा. दारातून आत गेलं की दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर हत्तींवर बसलेली जोडपी आणि छताला त्या मूळच्या लाकडी फासळ्या. उजेड जवळपास सगळा दर्शनी कमानीतून येतो. आत जाल तसा स्तूपापर्यंत पडत जातो. माझ्या २.८ वर १/१५ सेकंद धरून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणा येतो) ६४०० लागतो. एफ/१.४ वर तेवढ्याच वेळेत १६००. त्या लाकडी फासळ्यांच्या काळोख्या भागात ६४०० आणि १६०० यांतला फरक प्रिंट काढली की कळतो. मोबाइलवर नाही कळत.

"१.४ ला सगळंच धूसर होईल" अशी भीती अनेकांना असते. २४ मिमीला ती निम्मी खोटी आहे. आठ मीटरवर फोकस केला तर साधारण पाच ते एकोणीस मीटरपर्यंतचं स्पष्ट राहतं (सेन्सरवर ०.०३ मिमीपर्यंतचा धूसर ठिपका चालतो हा नेहमीचा हिशेब धरून). चैत्याच्या दारात उभं राहून मधले खांब त्यात आरामात बसतात. पायाजवळची फरशी धूसर होईल, ती होऊ द्या.

तारांगण_वेडा

माझ्या आवडीचा विषय आला. लांबण लावणार आहे, पाणी घेऊन बसा.

आकाशासाठी लेन्स पाहताना लोक एफ-आकड्यावर अडकतात. ताऱ्यासारख्या ठिपक्यासाठी खरं मोजमाप म्हणजे समोरून दिसणाऱ्या उघड्या भोकाचा व्यास. फोकल लांबीला एफ-आकड्याने भागा:

२४ एफ/१.४ = १७.१ मिमी
२० एफ/१.८ = ११.१ मिमी
२४ एफ/२.८ = ८.६ मिमी
१४ एफ/१.८ = ७.८ मिमी

उजेड व्यासाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे एकेका ताऱ्याचा उजेड २४ एफ/१.४ ही १४ एफ/१.८च्या जवळजवळ पाचपट गोळा करते. १४ वाली फ्रेममध्ये आकाश जास्त भरते, पण तारे मिणमिणते राहतात. सोनीची १४ एफ/१.८ जीएम (२०२१) फक्त ४६० ग्रॅमची आहे, त्याआधी सिग्माची त्याच आकड्यांची लेन्स किलोच्या वर होती. म्हणून लोक भाळतात. मीही भाळलो होतो. पण तिच्या फुगीर पुढच्या काचेवर साधा फिल्टर बसत नाही, मागे जिलेटिनचा तुकडा सरकवावा लागतो. अंधारात भंडारदऱ्याजवळच्या साम्रदच्या शेतात बसून तो तुकडा कापून पाहा, मग बोलू.

दुसरी गोष्ट, वेळ. फिल्मच्या जमान्यातला '५०० भागिले फोकल लांबी' हा नियम २४ मिमीला २१ सेकंद देतो. धागाकर्त्याच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा, म्हणजे २४ मिमीवर आकाशाचे ५१ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). पृथ्वी सेकंदाला १५ विकला फिरते. २० सेकंदांत तारा पाच-सहा पिक्सेल सरकला, झाली त्याची तांदळाची शितं. ठिपका हवा असेल तर दहा सेकंदांच्या आत राहा. आता दहा सेकंद आणि एफ/२.८ म्हटलं की आयएसओ कुठे जातो बघा.

तिसरी गोष्ट, कोमा. स्वस्त रुंद लेन्स पूर्ण उघडली की कोपऱ्यातला तारा ठिपका राहत नाही, त्याला पंख फुटतात, टिटवी उडाल्यासारखी दिसते. सॉफ्टवेअरने कोपऱ्यातला काळोख उजळता येतो, वाकडी रेषा सरळ करता येते, रंगीत कडा पुसता येतात. कोमा पुसता येत नाही. महागड्या लेन्सचे निम्मे पैसे या एका गोष्टीसाठी जातात असं माझं मत. परीक्षणात चाचणीपट्टीचा मधला भाग दाखवतात आणि ही गोष्ट तेवढी राहून जाते.

सरळमार्गींशी मात्र सहमत. आकाशापुरतं बोलायचं तर स्टॅक, म्हणजे फ्रेम एकावर एक रचणं, हे खरंच उत्तर आहे.

रोलवाला_काका

तुमची पिढी ४४५ ग्रॅमला 'हलकी' म्हणते, गंमत वाटते.

थोडं अवांतर. रिफ्लेक्स कॅमेऱ्यात आरसा हलायला जागा लागायची. निकॉनमध्ये माउंटपासून (लेन्स बसते त्या कडीपासून) फिल्म ४६.५ मिमी लांब. आता २४ मिमीची लेन्स ४६ मिमी दूर बसवायची कशी? म्हणून पुढे मोठी अंतर्गोल काच लावून उलट्या दुर्बिणीसारखी रचना करावी लागली, तिला रेट्रोफोकस म्हणतात. १९५०मध्ये आंजेन्यू या फ्रेंच कंपनीने ३५ मिमीची तशी लेन्स आणली आणि ते नाव रूढ झालं. अशा रचनेत लांबचं उत्तम यायचं, जवळ फोकस केला की कोपरे बिघडायचे. १९६७मध्ये निकॉनने २४ एफ/२.८ मध्ये फोकसबरोबर काचांच्या गटांतलं अंतरही बदलण्याची युक्ती वापरली, तेव्हा तो प्रश्न सुटला. ती लेन्स माझ्याकडे अजून आहे. फोकस रिंग फिरवली की अजून लोण्यासारखी चालते.

सोनीच्या माउंटला हेच अंतर १८ मिमी आहे. आरसा गेला, काचा मागे सरकल्या. कॅननची आरसेवाल्या जमान्यातली २४ एफ/१.४ (२००८ची दुसरी आवृत्ती) ६५० ग्रॅम होती आणि तिला ७७ मिमीचा फिल्टर लागायचा. तेव्हा तुमची लेन्स हलकी झाली याचं श्रेय त्या गेलेल्या आरशालाही द्या.

रंकाळ्याचा_बगळा

काका, दंडवत. पण वहिनींना हे सांगून पटणार आहे का? "अगं, आरसा गेला म्हणून लाख रुपये दे."

नॉर्वेकर

ट्रोम्सोहून लिहितोय. इथे हिवाळ्यात ध्रुवीय प्रकाश हाच एक उद्योग.

सरळमार्गींच्या स्टॅकला माझ्याकडे एक अडचण आहे. प्रकाश जोरात नाचायला लागला की पडद्याच्या चुण्या दोन-तीन सेकंदांत बदलतात. वीस सेकंद उघडं ठेवलं की हिरवा लगदा होतो. चार फ्रेम रचल्या तरी लगदाच, कारण प्रत्येक फ्रेममध्ये चुणी वेगळ्या जागी. तिथे दोन सेकंदांत जे आत येईल तेच आपलं. म्हणून इथे १.४ आणि १.८ वाले जास्त दिसतात.

मी स्वतः सोनीची २० एफ/१.८ जी वापरतो. २०२०ची, ३७३ ग्रॅम, फिल्टर तोच ६७ मिमी, आली तेव्हा ९०० डॉलर. कातळकडा, तिचाही विचार कर. २० आणि २४ कागदावर शेजारी वाटतात, पण आडवी फ्रेम एकीकडे ८४ अंशांची तर दुसरीकडे ७४ अंशांची होते.

सरळमार्गी

नॉर्वेकर, मुद्दा मान्य. पण भंडारदऱ्याला ध्रुवीय प्रकाश दिसायला लागला तर लेन्सपेक्षा मोठ्या काळज्या असतील.

तारांगण_वेडा

हसू नका. तिथे काजवे आहेत!

काजवा क्षणभर चमकतो आणि विझतो. पुढच्या वेळी तो दुसरीकडे असतो. काजव्यांचे फोटो आपण स्टॅकच करतो, पन्नास-शंभर फ्रेम. पण त्या स्टॅकमध्ये काजव्यांची संख्या वाढते, एकेका काजव्याचा उजेड वाढत नाही. झाडाचा, आकाशाचा, डोंगराचा उजेड साठवता येतो. चमक साठवता येत नाही, ती त्या एका फ्रेममध्ये जेवढी आली तेवढीच. आणि लांबचा काजवा म्हणजे ठिपकाच, त्यामुळे माझा वरचा व्यासाचा हिशेब त्यालाही लागू. १७.१ आणि ८.६. चौपट.

कातळकडा, गेली दोन वर्षं तुझे काजवे फिके का आले ते कळलं का?

कातळकडा

मी हे दोनदा वाचलं. खरंच, झाड उत्तम येतं आणि काजवे म्हणजे नुसती हिरवट धूळ. मी आयएसओ वाढवत बसलो होतो.

पण विकत घ्यायच्या आधी भाड्याने आणून पाहतो. पुण्यात २४ आणि २० दोन्ही एका ठिकाणी मिळताहेत. येत्या अमावास्येला जोडून तीन दिवस. काय काय तपासू?

तारांगण_वेडा

घरची भिंत आणि वर्तमानपत्र नको. रुंद लेन्सने वर्तमानपत्राने फ्रेम भरायची तर लेन्स त्याच्यापासून हातभर अंतरावर न्यावी लागते. तू फोटो काढणार चाळीस मीटरवरच्या झाडाचे. जवळची परीक्षा आणि लांबची परीक्षा वेगळ्या असतात, काकांनी वर सांगितलंच आहे.

गच्चीवर जा. लांबच्या इमारतीवरचा मोबाइल टॉवर किंवा पाण्याची टाकी निवड. ट्रायपॉड लाव, फोकस हाताने मध्यावर पक्का कर आणि नंतर त्याला हात लावू नकोस. टॉवर मध्ये घेऊन एक फोटो, मग कॅमेरा फिरवून तोच टॉवर चारही कोपऱ्यांत एकेकदा. सगळं पूर्ण उघड्या ॲपर्चरवर. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर ती लेन्सची रचना. तीन बरे आणि एक वाईट असेल तर आतली काच तिरकी बसली आहे, ती प्रत घ्यायची नाही. रात्री हेच एका ताऱ्यावर कर, तारा खोटं बोलत नाही.

आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) उघडताना लेन्सच्या आपोआप दुरुस्त्या बंद कर. कोपरे दोन स्टॉप उजळून दाखवले की तिथे दोन स्टॉपचा दाणाही आलेला असतो, तो नंतर त्रास देतो. विशेषतः तू सावल्या वर खेचणार असलास तर.

अक्षतावाला

माझी भर: दिवा फ्रेमच्या जरा बाहेर ठेवून पाहा. मंडपात झालर असते, तुझ्याकडे गावातला दिवा असेल. फ्रेममधल्या दिव्यापेक्षा बाहेरचा दिवा जास्त छळतो.

कातळकडा

आलो. झोप झालेली नाही, पण लिहून टाकतो, नाहीतर विसरेन.

आधी फजिती. पहिल्या संध्याकाळी गच्चीवर २४ लावली, टॉवरचा खेळ केला. डावीकडचे दोन्ही कोपरे चक्क पुसलेले, उजवीकडचे काचेसारखे लख्ख. मी कपाळाला हात लावला, हीच का ती लाखाची? मग फिल्टरची रिंग टॉर्चने पाहिली तर एका बाजूला बारीक पोचा. आधीच्या कुणा भाडेकरूने आपटली होती. सकाळी दुकानदाराला पाच फोटो दाखवले. त्याने एक अक्षर न बोलता दुसरी काढून दिली. टॉवरची चाचणी केली नसती तर मी इथे येऊन "लेन्स भिकार आहे" असं लिहिलं असतं आणि चार जणांनी त्यावर विश्वासही ठेवला असता. नेटवरची किती परीक्षणं अशा आपटलेल्या प्रतींवर बेतलेली असतील देव जाणे.

दुसरी प्रत चारही कोपऱ्यांत सारखी.

कार्ले: सकाळी दार उघडल्या उघडल्या गेलो, गर्दीच्या आत. चैत्यगवाक्ष, तुमचा आकडा तंतोतंत बरोबर निघाला. १/१५, आयएसओ १६००, पाठ खांबाला. २० सुद्धा लावून पाहिली. खरं सांगायचं तर चैत्यात २० जास्त सोयीची पडली, छताची कमान आणि पायाखालची जमीन एका फ्रेममध्ये आली. २४ वर त्यातलं एक सोडावं लागलं. पण २० वर खांब बाहेर झुकतात तेही जास्त. घरी येऊन दोन्ही शेजारी लावले तेव्हा २४ चा फोटो शांत वाटला. हे मोजता येत नाही, पण वाटलं तसं लिहितोय.

बाहेर पडताना एका गृहस्थांनी सल्ला दिला, "प्राइम लेन्सला झूम नसतो, पायांनी पुढे-मागे व्हायचं." बरोबर आहे, कार्ल्यात होता येतं. कोकणकड्यावर हे करून दाखवा.

साम्रद: रात्री साडेबाराला पोहोचलो. चैत्रात आकाशगंगेचा मधला जाड भाग मध्यरात्रीच्या आगेमागे आग्नेयेला उगवतो आणि पहाटे साडेचार-पाचला दक्षिणेला सगळ्यात वर येतो, तोही आपल्याकडून जेमतेम ४२ अंश. म्हणजे २४ उभी धरली की तिच्या ७४ अंशांत खाली डोंगर, मध्ये आकाशगंगा असं नीट बसतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा २४ पुरेशी रुंद आहे. आडवी धरली तर मात्र २० हवी.

२४ ला एफ/१.४ वर अगदी टोकाच्या तारकांना बारीक पंख दिसतात, शंभर टक्के मोठं करून पाहिलं तर. एफ/२ ला शोधावे लागतात. कोपऱ्यांतला काळोख १.४ वर भरपूर, २ वर निम्म्याने कमी, २.८ वर विसरून जावा इतका. मी १० सेकंद, एफ/१.६, आयएसओ ३२०० वर स्थिरावलो.

एक त्रास: फोकस रिंगला मुक्काम नाही. फिरवतच राहा, शेवट येत नाही, कारण रिंग फक्त मोटरला इशारा देते. कॅमेरा बंद करून चालू केला की फोकस त्याच जागी असेल याचा भरवसा नाही. दर वेळी एखादा ठसठशीत तारा मोठा करून पुन्हा जुळवायचा. काकांची ती १९६७ ची लेन्स इथे हसत असेल.

मग मी सरळमार्गींचं ऐकलं. शेजारी २४-७० लावून २.८ वर १० सेकंदांच्या सोळा फ्रेम काढल्या, घरी रचल्या. आणि काय सांगू, आकाश २४ एफ/१.६ च्या एका फ्रेमपेक्षा स्वच्छ आलं. कोपऱ्यांतले तारे तेवढे बदकासारखे.

सरळमार्गी

मी काही बोलत नाही. फक्त चहा पितोय.

चैत्यगवाक्ष

खांब झुकतात त्याबद्दल: कॅमेरा वर न करता सरळ धरा, थोडी फरशी जास्त येऊ द्या आणि नंतर कापा. २० घेतली तर कापायला जागा उरते. मला विचाराल तर लेण्यांसाठी २०. निम्म्या पैशांत नाही, पण बऱ्याच कमीत.

नॉर्वेकर

सिग्माची २४ एफ/१.४ डीजी डीएनही आहे (२०२२), सोनीपेक्षा थोडी जड, पण बरीच स्वस्त. आणि खिसा फारच तंग असेल तर सॅमयांगची २४ एफ/१.८, २३० ग्रॅम. तिच्यात बटण दाबलं की फोकस अनंतावर जाऊन बसतो, खास ताऱ्यांसाठी. १.४ वरून १.८ म्हणजे पाऊण स्टॉपचा तोटा, कातळकडाच्या काजव्यांना तो कळेल पण ओरडण्याइतका नाही.

मिऱ्याबंदर

रत्नागिरीचा आहे म्हणून एक वेगळाच मुद्दा. जी घ्याल ती घ्या, पण आधी ठेवायची सोय करा. माझ्या एका लेन्सला दोन पावसाळ्यांत आत बुरशी धरली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. कपाटात, बॅगेत, चामड्याच्या केसमध्ये बंद ठेवली की हमखास. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये काटा ठेवा. फार कोरडंही नको. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. घरात विचारून, वेगळ्या तव्यावर.

रोलवाला_काका

आणि बिल घ्या हो. "साहेब, बिलाशिवाय पंधरा हजार कमी" असं म्हणणारे प्रत्येक शहरात आहेत. लेन्स तीच असते, पण काही झालं तर सर्व्हिस सेंटरच्या दारात तुम्ही आणि तुमचं नशीब. त्यापेक्षा बिलासकट वापरलेली बरी. रुंद प्राइम लोक हौसेने घेतात आणि वर्षभरात विकायला काढतात, कारण त्यांना कळतं की आपण ५० वरच जगतो.

कातळकडा

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून कळवतो. २४ एफ/१.४ घेतली. वापरलेली, दीड वर्षाची, मूळ बिल आणि डब्यासकट. विकणारे गृहस्थ टॉवरची चाचणी करू देतील की नाही अशी धाकधूक होती, पण त्यांनी स्वतःच गच्चीची किल्ली दिली आणि चहाही पाजला. चारही कोपरे बरोबर.

तारांगण, तुझ्या आकाशासाठी नाही घेतली. आकाश मी २४-७० आणि स्टॅकवर काढेन, सरळमार्गींना शरण. लेण्यांसाठी २० बरी, हेही मान्य. तरी २४ घेतली, कारण लेणं उद्याही तिथेच असणार आहे आणि आकाशगंगा पुढच्या चैत्रातही येणार आहे. काजवे वर्षातून तीन आठवडे, तेही पहिला जोराचा पाऊस पडेपर्यंत. त्या एका चमकेसाठी १७ मिमीचं भोक हवं होतं.

बायकोला व्यासाचा हिशेब सांगितला. आठ पूर्णांक सहा आणि सतरा पूर्णांक एक. ती म्हणाली, "मग पहिल्याच दिवशी हे सांगायचं ना. मी आपली २४ आणि २४ बघत बसले."

आता मेअखेरीस काजव्यांसाठी पुरुषवाडी. अजून काही सूचना?

रंकाळ्याचा_बगळा

वहिनींनाच कॅमेरा द्या राव.

तारांगण_वेडा

अभिनंदन! सूचना: संध्याकाळी उजेड असतानाच झाडावर फोकस करून ठेव, मग मॅन्युअलवर टाक आणि कॅमेरा बंद करू नकोस, जादा बॅटरी जोडून ठेव. १.४ वरच काढ, काजव्यांना कोपऱ्यातला काळोख चालतो. फ्रेम १० ते १५ सेकंदांच्या, एकामागून एक, तासभर. ट्रायपॉडच्या पायाशी दगड. टॉर्च लावायची नाही. अगदीच अडलं तर लाल, तीही जमिनीकडे. उजेड पडला की तेवढ्या भागातले काजवे चमकायचे थांबतात आणि त्यांचं जोडीदार शोधायचं काम बुडतं. झाडाखाली जाऊन उभं राहू नकोस, माद्या खाली गवतात असतात.

अक्षतावाला

आणि फोकस जुळवताना कॅमेऱ्याच्या पुढून लागणारा तो नारिंगी दिवा मेनूतून बंद कर. मागच्या वर्षी माझा राहिला होता. अख्खं झाड विझलं आणि अंधारातून तीस माणसं एकदम माझ्यावर खेकसली.

कातळकडा

आत्ताच केला बंद.